मामाच्या गेम बॉयला लाइटवाला स्क्रीन बसवायचा का? माझं मत, अजिबात नको

गोदाकाठ:
पंचवटीतलं जुनं घर रिकामं करताना माळ्यावर मामाचा गेम बॉय सापडला, निन्टेंडो कंपनीचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. मामा तेव्हा मस्कतला नोकरीला होता, १९९२ च्या दिवाळीत येताना आणलेला. राखाडी, विटेसारखा जाड, वाईन कलरची दोन बटणं, आत टेट्रिसची (पडणाऱ्या विटा रचायचा गेम) कॅसेट तशीच अडकवलेली. चार पेन्सिल सेल टाकले आणि चालू झाला राव! फक्त स्क्रीनवरच्या तीन उभ्या रेषा गायब आहेत. एमजी रोडवर एका दुकानात दाखवला तर तो म्हणाला रेषाबिषा सोडा, अख्खा स्क्रीनच बदलू, मागून लाइट येणारा नवीन आयपीएस (मोबाइलला असतो तसा), झगझगीत दिसेल. घरी सगळे म्हणतायत करून टाक. मी नको म्हणतोय आणि का ते इथे लिहितो, पटत नसेल तर भांडा.

लाइट नसणं हा या मशीनचा राहून गेलेला दोष नाही, तो ठरवून घेतलेला निर्णय होता. १९८९ साली कलर आणि लाइटवाला स्क्रीन मिळत होता, त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्समध्ये तो होता. पण लिंक्सला सहा सेल लागायचे आणि चार-पाच तासात संपायचे. पुढच्या वर्षी आलेल्या सेगाच्या गेम गिअरचं तेच, सहा सेल आणि तीन ते पाच तास. गेम बॉय चार सेलवर १५ तासांच्या आसपास चालायचा. तो बनवणाऱ्या टीमचे प्रमुख गुन्पेई योकोई, त्यांचा आयुष्यभराचा विचारच हा होता की नवंकोरं महागडं तंत्र घ्यायचं नाही, जे मुरलंय, स्वस्त झालंय, ज्याच्या सगळ्या खोड्या माहिती झाल्यात असं तंत्र घ्यायचं आणि ते भलत्याच कामाला लावायचं. लोणच्यासारखं, मुरलेलं. १६० बाय १४४ ठिपके, हिरवट रंगाच्या फक्त चार छटा, आणि त्यात टेट्रिस बसवला. आपण त्यात लाइट घातला की त्या माणसाने जे मुद्दाम टाळलं तेच परत त्याच्या डब्यात कोंबतो, मग तो त्याचा गेम बॉय कसा राहील?

कसारा_अपडाऊन:
भाऊ, मनापासून लिहिलंयस पण मी पूर्ण विरोधात आहे. मी रोज पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड ते मुंबई जातो, माझ्याकडे लाइट बसवलेला गेम बॉय आहे आणि मी तो रोज खेळतो, कपाटात ठेवलेला नाही. आधी दोन महिने ओरिजिनल स्क्रीनवर खेळलो. सकाळी खिडकीची सीट मिळाली तर ठीक, पण इगतपुरी सोडली की घाटातले बोगदे सुरू, प्रत्येक बोगद्यात पॉज दाबायचा, बाहेर आलं की परत चालू, आणि संध्याकाळी परतताना कल्याणनंतर अंधारच. डब्यातल्या ट्यूबखाली मान तिरकी करून बघायचं, कॉन्ट्रास्टचं चाक फिरवत बसायचं. आणि स्क्रीन नुसता अंधारा नाही हो, हलणारी वस्तू मागे सावली सोडत जाते, जोरात पळणारे गेम तर चिखलात पळल्यासारखे दिसतात. हा निर्णय होता हे मान्य, पण १९८९ च्या सेलसाठी घेतलेला निर्णय होता. आज मी चार्जिंगचे सेल वापरतो. ज्या कारणासाठी लाइट टाळला ते कारणच उरलेलं नाही.

आणि कंपनीनेच नंतर मान्य केलं की. १९९८ मध्ये फक्त जपानात गेम बॉय लाइट काढला, त्यात लाइट होता. २००१ चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स परत बिनलाइटचा आला आणि लोकांनी तक्रारी केल्या, मग २००३ च्या त्याच्याच पुढच्या एसपी मॉडेलमध्ये लाइट द्यावाच लागला.

गोदाकाठ:
@कसारा_अपडाऊन दादा, गेम बॉय लाइटचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. तो लाइट चालू ठेवूनही दोन सेलवर १२ तासांच्या आसपास चालायचा, म्हणजे लाइट परवडायला लागला तेव्हाच दिला, नऊ वर्षं थांबले. बोगद्यांचं मात्र मान्य, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

सोल्डरिंगवाला_सातपूर:
आधी एक कामाचं सांगतो मग मत. त्या उभ्या रेषा म्हणजे स्क्रीन मेलेला नाहीये. स्क्रीनच्या खालच्या कडेला पातळ रिबन असते, ती काचेला चिकटवलेली असते, वर्षानुवर्षांनी तो जोड सुटतो आणि तेवढी रेषा दिसेनाशी होते. सोल्डरिंगचं टोक कमी गरम ठेवून त्या जोडावरून हलक्या हाताने फिरवायचं, बऱ्याचदा रेषा परत येतात. मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे असतात, त्याचा ड्रायव्हर वेगळा येतो, पेचकस घुसवून चुरा करू नका, दोन स्क्रू सेलच्या खणात लपलेले असतात. दुकानदाराने हे सांगितलं नाही कारण नवा स्क्रीन विकण्यात पैसे जास्त.

आता मत. मी लाइट बसवण्याच्या विरोधात नाही पण चालू असलेला, ओरिजिनल स्क्रीनचा पीस उघडून त्याचा स्क्रीन कचऱ्यात टाकणं मला पाप वाटतं. नवे पॅनल कारखान्यात रोज बनतायत. हे जुने परत बनणार नाहीत. ज्याचा स्क्रीन खरंच फुटलाय त्याला बसवा ना लाइट, कोण अडवतंय.

ब्रिकगेम_९९९९:
मला एक स्पष्ट विचारायचंय, राग मानू नका. हा वारसा वगैरे आपण कोणाचा सांगतोय? नाशिकमध्ये नव्वदच्या दशकात गेम बॉय कोणाकडे होता? ज्याचा मामा-काका आखातात किंवा अमेरिकेत, त्याच्याकडे. माझ्या सिडकोच्या गल्लीत एकही नव्हता. आमच्याकडे होता ब्रिक गेम, मला नवरात्रात कालिकेच्या यात्रेत मिळाला, पिवळा, वर ९९९९ इन १ लिहिलेलं. खरे गेम मोजके, तेच वेग बदलून आणि लेव्हल बदलून मोजायचे. काचेवर आडवे १० आणि उभे २० चौकोन छापलेले, त्यातच विटा, त्यातच साप, त्यातच गाड्यांची रेस. दोन सेलवर महिनोन्महिने. मुरलेलं स्वस्त तंत्र म्हणताय ना, मग त्या विचाराचं खरं टोक ब्रिक गेम आहे, आणि तो रिक्षावाल्याच्या पोराकडेपण होता. ११-१२ कोटी विकले म्हणून गेम बॉयचे गोडवे गायचे, आणि जो आपल्या हातात होता त्याच्याबद्दल एक शब्द नाही, हे मला खटकतं.

गोदाकाठ:
@ब्रिकगेम_९९९९ राग कशाला, बरोबर बोलताय. माझ्याही शाळेत ब्रिक गेमच होते, मामाचा गेम बॉय बाहेर न्यायला परवानगीच नव्हती. पण एक सांगू का, ब्रिक गेमवर पहिल्यांदा काय दिसायचं? पडणाऱ्या विटा. म्हणजे टेट्रिसच. तो अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत बनवला, पण हातात धरायच्या मशीनवर तो जगभर पोचवला गेम बॉयने. टेट्रिसचे हक्क मिळवणारे व्यावसायिक हेन्क रॉजर्स यांनी निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या प्रमुखांना पटवलं की मशीनसोबत मारिओ नको, टेट्रिस द्या, कारण मारिओ फक्त मुलं खेळतील, टेट्रिस सगळे खेळतील. ते ऐकलं नसतं तर कालिकेच्या यात्रेत तुम्हाला पिवळा डबा मिळाला असता का, मला शंका आहे.

ब्रिकगेम_९९९९:
म्हणजे श्रेय टेट्रिसचं झालं ना, गेम बॉयचं नाही! मग स्क्रीन ओरिजिनल ठेवा की बदला, टेट्रिस तोच.

कॉलेजरोड_के:
ह्याच मुद्द्यावर मी. मला वाटतं सगळे स्क्रीनची पूजा करतायत. गेम बॉय जिंकला तो किमतीवर आणि गेम्सवर. अमेरिकेत तो ८९.९९ डॉलरला होता, लिंक्स त्याच्या दुप्पट. निन्टेंडोकडे आधीच घरोघरी टीव्हीवरचा गेम होता, गेम बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्या हातात होत्या. आणि १९९६ पर्यंत जोर ओसरत चाललेला, तेव्हा पोकेमॉन आला नसता तर आज एवढी चर्चा झाली नसती. तो ११ कोटी ८६ लाखांचा आकडासुद्धा गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून आहे, एकट्या राखाडी डब्याचा नाही. डिझाइन वाईट होतं असं नाही म्हणत. पण अंधारा स्क्रीन हा जिंकण्याचं कारण नव्हता, तो असूनही जिंकला.

गोदाकाठ:
किंमत कमी कशी ठेवता आली ते सांग ना भाऊ. स्क्रीन साधा होता म्हणूनच. सेल कमी, किंमत कमी, आणि पडला तरी चालणारा डबा, हे सगळं त्या एका निर्णयातून आलंय. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात एका अमेरिकन सैनिकाचा गेम बॉय जळाला, पुढचं कव्हर वितळून काळं पडलेलं, तरी तो चालू होता आणि न्यूयॉर्कच्या निन्टेंडो दुकानात कित्येक वर्षं टेट्रिस चालू ठेवून मांडला होता.

पवननगरची_ताई:
मी बराच वेळ वाचतेय, तुम्ही सगळे स्क्रीनवर अडकलात. माझ्यासाठी गेम बॉय म्हणजे उजव्या बाजूचं ते छोटं भोक ज्यात लिंक केबल जायची. मी आणि माझी आतेबहीण, तिच्याकडे पोकेमॉन रेड आणि माझ्याकडे ब्लू, काही प्राणी तिच्यातच मिळायचे काही माझ्यातच, १५१ पूर्ण करायचे तर केबल लावून अदलाबदल करावीच लागायची. ती दर मे महिन्यात पुण्याहून यायची आणि आम्ही गच्चीवर पाठीला पाठ लावून बसायचो, केबल आखूड म्हणून. भांडण झालं की केबल उपटायची धमकी. एकट्याने खेळायच्या डब्यात दुसऱ्या माणसाची गरज घालून ठेवली, तो वारसा मोठा आहे असं मला वाटतं, आज मोबाइलवर हजार लोकांशी खेळते पण त्यातलं कोणी गच्चीवर येत नाही.

आणि एक काळजीने सांगते सगळ्यांना. त्या कॅसेटच्या आत बटण सेल असतो, त्यावरच सेव्ह टिकतं. माझा दोन वर्षांपूर्वी संपला, सगळं गेलं, तिचं नाव दिलेला माझा पोकेमॉनपण गेला. ज्यांच्याकडे जुन्या कॅसेट आहेत त्यांनी लाइट आणि रेषा नंतर बघा, आधी सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि मगच सेल बदला, कारण सेल काढला की सेव्ह पुसलं जातं.

सोल्डरिंगवाला_सातपूर:
ताईंचं शंभर टक्के बरोबर. कॅसेट वाचणारं छोटं यंत्र माझ्याकडे आहे, नाशिकमधल्या कोणाला लागलं तर या, पैसे घेणार नाही. नवा सेल पत्रीवाला घ्या, चिकटपट्टीने लावू नका, सुटतो.

कसारा_अपडाऊन:
ताईंचं वाचून एक मुद्दा माझ्या बाजूने मांडतो. तुमची बहीण आज आली तर रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर बसाल की नाही? तेव्हा कोणता गेम बॉय हातात हवा, लाइटवाला की अंधारातला? योकोईंना म्हणे हातातल्या गेमची कल्पना सुचली ती बुलेट ट्रेनमध्ये, कंटाळलेला एक माणूस कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला बघून. म्हणजे हे मशीन प्रवासातल्या थकलेल्या माणसासाठी जन्मलंय. मी तो माणूस आहे. साडेदहाला घरी पोचतो. माझ्यासाठी लाइट म्हणजे त्या माणसाच्या विचाराशी बेइमानी नाही, उलट तोच विचार आहे.

पवननगरची_ताई:
रात्री असेल तर लाइटवाला. खरं बोलते. पण मामांचा डबा तसाच ठेवा हो, तो खेळण्यासाठी घेतलेला दुसरा डबा नाहीये.

गोदाकाठ:
कसारा दादा, तुमच्या डब्यात लाइट असावा, हे आता मला पटलं. पहिल्या पोस्टमध्ये मी सरसकट लिहिलं ते चुकलं. मामाच्या डब्याचं मात्र माझं मत बदललेलं नाही.

रविवारी सातपूरला जाऊन आलो. सोल्डरिंगवाल्या काकांनी माझ्यासमोर उघडला, तीनपैकी दोन रेषा आल्या, तिसरी डावीकडच्या कडेची आली नाही. त्यांनी जोर लावला नाही, म्हणाले रिबन जळायची भीती आहे, एवढ्यावर थांबू. विटा पडतात तिथे ती रेषा येत नाही, खेळायला अडचण काहीच नाही.

माळ्यावर डब्यासोबत मामाची डायरीपण होती ते सांगायचं राहिलं. टेट्रिसच्या या कॅसेटमध्ये सेलच नाही, बंद केलं की स्कोअर पुसला जातो, म्हणून मामाने मस्कतला असताना प्रत्येक चांगला स्कोअर तारखेसकट लिहून ठेवलाय. शुक्रवारचे सगळ्यात जास्त, सुट्टी असायची त्याला. शेवटचा आकडा एक लाख सात हजार. एक लाखावर गेलं की स्क्रीनवर रॉकेट उडतं, ते मी अजून बघितलेलं नाही, काल गच्चीवर उन्हात बसून ३८ हजारापर्यंत गेलो. मामाला फोन लावला तर म्हणाला पाठ सूर्याकडे कर, स्क्रीन उन्हाकडे, आणि लांब वीट आली की घाई करू नको.