दत्तक घेतलेली कुत्री हेल्मेट बघून दिवाणाखाली पळते, वाडग्याजवळ गुरगुरते. काय करावं?

कर्वेनगरची_काकू: नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. उन्हाळ्यात आम्ही एका शेल्टरमधून देशी कुत्री आणली, वय अंदाजे दोन वर्षं, नाव शेवंती. माझ्या मागेमागे असते, पण नवरा ऑफिसमधून आला की थेट दिवाणाखाली. आणि गंमत म्हणजे रविवारी तोच माणूस लेंगा घालून पेपर वाचत असला की त्याच्या पायाशी जाऊन झोपते. मग लक्षात आलं, हेल्मेट! ते हातात दिसलं की संपलं. वॉचमनची काठी आणि खराटा, तेही तसंच. परवा सासूबाई तिच्या वाडग्याजवळ फरशी पुसायला वाकल्या तर दात दाखवून गुरगुरली. चावली नाही. एक ट्रेनर येऊन गेला, म्हणाला ही डॉमिनन्स दाखवतेय, गुरगुरली की मानगूट धरून उताणी पाडा, मालक कोण ते कळलं पाहिजे. मला काही पटेना. त्यात नदीपात्रात ढोल पथकांचा सराव सुरू झालाय, संध्याकाळी शू करायलाही खाली उतरत नाही. चांगला ट्रेनर सुचवा, आणि प्लीज 'परत देऊन टाका' सांगू नका.

टेकडीवरचा_भटक्या: काकू, त्या ट्रेनरला परत बोलावू नका. हे 'अल्फा' प्रकरण, म्हणजे कळपात एकजण बाकीच्यांना दाबून बॉस होतो ही कल्पना, १९४७ सालचं, रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त जागेत एकत्र कोंबलेल्या लांडग्यांचा अभ्यास केला होता त्यातून आलेलं. ज्या लांडग्यांच्या अभ्यासक डेव्हिड मीच यांच्यामुळे ते जगभर पसरलं त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, कुणी कुणाला हरवून बॉस झालेलं नसतं. आणि तुमची शेवंती तर लांडगाही नाही, कुणाच्या तरी हातचा मार खाल्लेली असेल नाहीतर पिल्लूपणी माणसंच फार पाहिली नसतील. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जे बघितलं नाही त्याची पुढे भीती बसू शकते, मार बसलेलाच असतो असं नाही. गुरगुरल्याबद्दल तर अजिबात शिक्षा नको. ती सांगतेय की लांब राहा. तेच सांगायचं बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

खवचट_पेठकर: आमच्या वाड्यात मोती होता, शिळी पोळी खाऊन तेरा वर्षं जगला, त्याला कुणी कौन्सेलिंग दिलं नव्हतं.

चार_पायांची_आई: पेठकर, तुमचा मोती अंगणात मोकळा होता, नको वाटलं की उठून बोळाच्या टोकाला जायचा. इथे दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती जाणार कुठे, दिवाणाखालीच ना. म्हणून काकू, पहिली गोष्ट म्हणजे दिवाणाखालून तिला ओढून काढू नका, हात घालू नका, ती तिची जागा राहू दे.

आता हेल्मेट. हॉलच्या पार त्या टोकाला जमिनीवर ठेवा, तिला दिसलं की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका, हेल्मेट उचलून आत नेलं की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा हं. आधी हेल्मेट दिसायला हवं, मागून चिकन. उलट केलंत तर ती चिकनलाच घाबरायला लागेल, आता काहीतरी येणार म्हणून. तुकडा घेत नसेल तर हेल्मेट फार जवळ आहे, लांब न्या. मग हळूहळू जवळ, मग तुमच्या हातात, मग साहेबांच्या हातात, शेवटी डोक्यावर. घाई करू नका, महिनोन्महिने लागू शकतात.

आणि तिच्या तोंडाकडे बघायला शिका. ओठ चाटणं, मान फिरवणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं गुरगुरण्याच्या आधीचं असतं. आमच्याकडे पाहुणे म्हणायचे, किती आळशी आहे बघा, जांभया देतेय, आणि ती बिचारी पार टेन्शनमध्ये!

वाडग्याचं म्हणाल तर ती जेवताना कुणीच जवळ जायचं नाही, पुसायचं नंतर. पुढे लांबून जाता जाता काहीतरी भारी तिच्याकडे टाकायचं आणि चालू पडायचं, म्हणजे माणूस आला की मिळतं, जात नाही. वाडग्यात हात घालून 'सवय लावणं' वगैरे मूर्खपणा करू नका.

गोळी_इंजेक्शन: ट्रेनरच्या आधी व्हेट. दात, कान, कंबर तपासून घ्या, गोचीड ताप आहे का त्यासाठी रक्त तपासा. दुखत असलं की कुणी अंगावर वाकलेलं नको असतं, आणि आवाजाची भीतीही वाढू शकते.

कर्वेनगरची_काकू: सगळ्यांचे आभार. व्हेटची अपॉइंटमेंट घेतली. दोन शंका. घाबरलेली असताना कुरवाळलं तर भीती पक्की होते म्हणतात, खरं का? आणि विसर्जनाच्या दिवशी काय करू?

चार_पायांची_आई: खोटं. भीती ही भावना आहे, कुरवाळून ती वाढत नाही. जवळ आली तर घ्या जवळ, नाही आली तर मागे जाऊ नका. ढोल चालू असताना ट्रेनिंग नको. आतली खोली, खिडक्या-पडदे बंद, पंखा फुल, टीव्ही चालू. फिरवणं पहाटे आणि सराव सुरू व्हायच्या आधी. मोबाईलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून चिकन द्यायचा प्रयोग विसर्जन आणि दिवाळी दोन्ही उरकल्यावरच. विसर्जनासाठी औषध लागेल का ते व्हेटला आत्ताच विचारा, आदल्या रात्री नाही. नुसतं गुंगीचं नको, अंग सुस्त पडतं पण भीती तशीच राहते.

टेकडीवरचा_भटक्या: दोन पट्टे लावा, एक हार्नेसला (छातीभोवती बसतो तो) एक कॉलरला, दोन्ही हातात. घाबरलेलं कुत्रं मागे सरकत सरकत कॉलरमधून डोकं काढून घेतं आणि मग अख्खं कर्वेनगर धुंडाळत बसाल. कॉलरवर मोबाईल नंबर हवाच. ट्रेनरचं नाव इथे उघड देत नाही, मेसेज करतो. पण कुणीही असो, एकच विचारा, कुत्र्याचं चुकलं तर तुम्ही काय करता? उत्तरात झटका, चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी), दाबून धरणं आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

खवचट_पेठकर: चहा तरी कशाला.

कर्वेनगरची_काकू: 😄 नवऱ्याला सांगितलंय, हेल्मेट लिफ्टमध्येच पिशवीत घालून मग घरात ये. तो म्हणतो, मी काय चोर आहे का?