भरतीचं डबकं, डोह, की आणखी काही?

गंगाथडीकर: परभणीकडच्या एका शाळेसाठी समुद्रकिनाऱ्यावरची पुस्तिका मराठीत करायलोय. 'टाइड पूल'पाशी अडकलो. ओहोटीनंतर खडकाच्या खळग्यांत पाणी उरतं, त्यात खेकडे, तारामासे, शेवाळ राहतं, ते. 'भरतीचं डबकं' लिहून सातवीतल्या भाच्याला वाचायला दिलं. म्हणाला, "मामा, भरती तर पोलिसांची असती!" त्याचं तरी काय चुकलं? रोज पहाटे भरतीवाली पोरं रस्त्यानं पळताना बघतंय. 'डोह' चालेल का?

खाडीपल्याड: डोह अजिबात नको. डोह नदीला, खोल आणि संथ. हे पाणी कधीकधी घोट्याएवढंसुद्धा नसतं. आमच्या कोकणात खडकाळ किनाऱ्याला खडप म्हणतात. 'खडपातलं पाणी' लिहा.

आडवा_शब्द: खडप परभणीत कोणाला कळणार? 'रांजणखळगा' घ्या. भूगोलाच्या पुस्तकात आहे, निघोजला कुकडी नदीत दिसतातही.

खाडीपल्याड: रांजणखळगा प्रवाहात दगडगोटे गरगर फिरून कोरला जातो. तो कसा झाला ते त्या नावात आहे. इथं प्रश्न पाणी का उरलं याचा आहे. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, वेळही रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. मुळात खळगा दिसतो ओहोटीला, मग नावात भरती कशाला?

पैठणची_लेक: रांजण म्हटलं की आम्हाला नाथांचा वाडा. श्रीखंड्या कावडीनं गंगेचं (आमच्या गोदावरीचं) पाणी आणून रांजण भरायचा, म्हणजे साक्षात देव. रांजण आपण भरायचा असतो, खडकात आपोआप भरतो तो कसला रांजण?

आणि डोहाला खोल म्हणून सोडू नका. डोह आणि डोहाळे एकाच घरचे. पाण्याची ओढ, पोटातल्या जीवाची ओढ.

आडवा_शब्द: ताई, गोड आहे, पण खरं नाही. डोहाळे 'दोहद'वरून. डोह 'ह्रद'वरून, मध्ये प्राकृत 'द्रह'. वृंदावनचा 'कालीदह' आठवा, तोच आपला कालियाचा डोह.

पैठणची_लेक: असेल. माझी आजी दोन्ही शब्द एकाच सुरात म्हणायची.

गंगाथडीकर: कालियावरून मला आमच्या गावचा डोह आठवला. त्यात आसरा (पाण्यातल्या देवता) असतात म्हणून भरदुपारी पोहू द्यायचे नाहीत. लेकरांना डोह वाचला की भीती वाटंल, खेकडा बघायची हौस नाही. आणि डबकं म्हटलं की डास. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत उकरतात तो झिरा कसा वाटतो? उथळ, तळ दिसणारा...

खाडीपल्याड: झिऱ्यात गोडं पाणी खालून पाझरतं, हे खारं वरून येऊन अडकतं. अगदी उलट.

शुद्धमराठी: मूळ संस्कृतात 'वेला' म्हणजे समुद्राची भरती, किनारा आणि वेळही. 'वेलाकुंड' करा. बोलीच्या नादी लागून शास्त्र बिघडवू नये.

आडवा_शब्द: वेलाकुंड वाचून पोरं म्हणतील, सर, हे तीर्थ कुठल्या तालुक्यात आहे?

पैठणची_लेक: कुंडावरून आठवलं. वेरूळला कैलासाच्या आवारात तीन नद्यांची देवळी आहे, गंगा मकरावर, यमुना कासवावर, सरस्वती कमळावर. मी लेकाला मकर म्हणजे सुसर सांगितलं, तर सोबतचे पाहुणे हसले.

शुद्धमराठी: हसणारच. सुसर वेगळी, मगर वेगळी. आणि मकर तर काल्पनिक प्राणी, सोंडेचा.

पैठणची_लेक: आमच्याकडं गंगेत दिसली की सुसरच म्हणतात, तुमची परवानगी न घेता.

गंगाथडीकर: 'ओसरीचं पाणी' लिहू का? पूर ओसरतो हे इथल्या लेकरांना माहीत आहे.

आडवा_शब्द: ओसरी म्हणजे घराची पडवी! पण सुसरीचा मुद्दा राहिला. लांब, निमुळत्या तोंडाची ती सुसर...

खाडीपल्याड: आमच्याकडं खाडीतल्या मगरीलाही सुसर म्हणणारे आहेत.