कोरल लिनक्सवर येणार म्हणे! अहो, येऊन गेलं

छापखाना_सांगली
परवा इथे एकाने ठोकून दिलं, 'विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आता लोक लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळतील आणि अडोबी, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपन्या झक मारत मागे येतील.' तेव्हा गप्प बसलो, आता राहवत नाही. कोरलड्रॉ ९ २००० सालीच लिनक्सवर आलं होतं, वाइनच्या, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीच्या, जिवावर. पुढे गाशा गुंडाळला. बोरलंडचं लिनक्ससाठीचं प्रोग्रॅमिंगचं साधन कायलिक्स २००१ चं, तेही बसलं. अडोबीने फ्रेममेकर या पुस्तकं मांडायच्या सॉफ्टवेअरची लिनक्ससाठी बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, दिली आणि मागे घेतली. मायक्रोसॉफ्टने टीम्सचं लिनक्स ॲप २०१९ मध्ये दिलं, २०२२ मध्ये काढलं. फुकट्यांच्या गल्लीत दुकान कोण टाकणार?

टर्मिनलवासी
फुकटे कोणाला म्हणताय? ॲनिमेशनची माया, हुडिनी, इंजिनिअरांचं मॅटलॅब लिनक्सवर चालतात, त्यांच्या लायसन्सचे आकडे ऐकून घाम फुटेल. ओरॅकलने १९९८ मध्ये लिनक्सवर डेटाबेस आणला तो समाजसेवा म्हणून नव्हे. सिनेमाच्या स्टुडिओंत एसजीआय कंपनीची महागडी युनिक्स यंत्रं होती. ते लिनक्सवर गेले, तसं सॉफ्टवेअरवाल्यांना मागोमाग जावंच लागलं. गिऱ्हाईक अडून बसलं की पोर्ट होतं, म्हणजे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी नव्याने बांधलं जातं. आणि आता तर पोर्टचीही गरज नाही. गेमवाल्या वाल्व कंपनीने २०१८ मध्ये लिनक्ससाठी प्रोटॉन आणलं, विंडोजचे बरेचसे गेम आहेत तसे चालतात.

छापखाना_सांगली
गेम तुम्ही खेळा. मला लग्नपत्रिका छापायच्यात.

ताळेबंद
मी अकाउंट्सवाली. नवऱ्याच्या हौसेपायी ऑफिसात लिनक्स टाकलं. बाकी सगळं जमलं, पण डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर काही बसेना. रिटर्नची शेवटची तारीख, क्लायंट समोर बसलेला. शेवटी शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या विंडोजवर सही केली. सपोर्टवाला म्हणाला, 'मॅडम, विंडोज घ्या ना.' कसलं अडून बसणार गिऱ्हाईक!

टर्मिनलवासी
ताई, हा दोष टोकनवाल्यांचा.

ताळेबंद
असेल. दंड मात्र मला बसला असता.

जोडाक्षर
छापखानावाले काका, खरं बोला. तुम्ही नव्या अडोबीसाठी अडलेले नाही. अडोबीच्याच पानं लावायच्या जुन्या पेजमेकर ७ साठी अडलाय, ते २००१ चं.

छापखाना_सांगली
मग? चालतंय की! एका पतसंस्थेचे वीस वर्षांचे वार्षिक अहवाल माझ्याकडे जुन्या फॉन्टात आहेत. दर वर्षी आकडे आणि संचालकांची नावं बदलायची, झालं. यंदा त्यांच्या नव्या पोराने मजकूर युनिकोडात, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत, पाठवला. पेजमेकरमध्ये टाकला तर पानभर प्रश्नचिन्हं!

जोडाक्षर
म्हणजे चूक पोराची? तुमच्या त्या फायली फॉन्ट काढला की इंग्रजी अक्षरांची भेळ होतात. त्यात सभासदाचं नाव शोधून दाखवा. मराठीचं एवढं नुकसान कुणी केलं नसेल. ज्याने त्याने आपला फॉन्ट, अक्षरांना आकडे द्यायचं आपलं एन्कोडिंग, वर प्रोग्रॅम चालायला लावावं लागणारं डाँगल.

छापखाना_सांगली
बाळा, तू रांगत होतास तेव्हा मी त्याच फॉन्टात रात्रीत दिवाळी अंक उतरवलेत. युनिकोड तेव्हा धड जोडाक्षरं जोडत नव्हतं. पानं लावायच्या तुमच्या फुकट स्क्रायबसचंही तेच, पाय मोडलेली अक्षरं छापू का?

जोडाक्षर
जुनी गोष्ट. २०१७ च्या १.५.३ आवृत्तीपासून हार्फबझ, म्हणजे जोडाक्षरं नीट जुळवणारा भाग, आहे त्यात. रफार, वेलांटी जागेवर बसते. छपाईचे चार रंग, म्हणजे सीएमवायके, तर आधीपासून होतं.

साधा_वापरकर्ता
काकांच्या बाजूने एक सांगतो, त्यांना ठाऊक नसेल. २०१४ च्या डेबकॉन्फ या परिषदेत लिनक्सचा कर्ता खुद्द लिनस टोरवाल्ड्सने सांगितलं की त्याच्या सबसरफेस या प्रोग्रॅमच्या तयार बायनरी, म्हणजे थेट चालणाऱ्या फायली, ते विंडोज आणि मॅकसाठी करतात, लिनक्ससाठी जवळपास नाहीच. प्रत्येक डिस्ट्रोच्या, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक प्रकाराच्या, लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारे तयार भाग) वेगळ्या, कोण निस्तरणार? कर्त्यालाच जमेना, तर अडोबी कशाला हात घालेल?

टर्मिनलवासी
ते फ्लॅटपॅकच्या, म्हणजे सगळ्या डिस्ट्रोंवर चालणाऱ्या एकाच पॅकेजच्या, आधीचं बोलणं. पण बरं, डेस्कटॉपवर फोटोशॉप येणार नाही, मान्य. झालं समाधान?

छापखाना_सांगली
अर्धं. स्क्रायबस उतरवलंय, ते केवळ या पोराची जिरवायला. पतसंस्थेचं एक पान लावून बघतो. आणि जुन्या फायली युनिकोडच्या कन्व्हर्टरमधून काढताना 'क्ष' आणि 'त्र' नेमके हरवतात, त्याचं काय ते आता कोणीतरी सांगा. पुन्हा पोर्टिंगचं पुराण नको.

जोडाक्षर
फॉन्टचं नाव टाका. एकेका फॉन्टचा अक्षरांचा तक्ता वेगळा असतो, आवृत्तीगणिकसुद्धा.

छापखाना_सांगली
नाव? त्या फायलींत चार प्रकारचे आहेत.