मोसंबीच्या ज्यूसातली "चढत नाही" वाली दारू: दोन ग्लास म्हणजे एक क्वार्टर, हे कोण सांगणार?

कोरडवाहू_गडी:
परवा इथं रंगीत_ग्लासनं घरगुती कॉकटेलची रेसिपी टाकली. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी, व्होडका ३०, जिन ३०, व्हाइट रम ३०, मोसंबीचा रस दीडशे, डाळिंबाचा पाक ३०, वरून साठेक मिली सोडा. इथवर काही भांडण नाही. पण खाली लिवलंय, "एकदम ज्यूस, चढत तर अजिबात नाही, लेडीज लोकांना पण चालतं, हुरडा पार्टीला जार भरून ठेवा." ते वाचून माझं डोकं फिरलं.

भाऊ, तीन तीस म्हणजे नव्वद. क्वार्टर असते १८० ची. म्हणजे तुझे दोन ग्लास पोटात गेले की एक क्वार्टर गेली, आन माणूस म्हणतो मी तर ज्यूस पिऊलालो. बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, नव्वदचे साडेअडतीस मिली निव्वळ अल्कोहोल, ते सव्वातीनशे मिलीच्या ग्लासात पसरलं तरी पावणेबारा टक्के होतं, म्हणजे जवळजवळ वाइनच झाली. वाइन कुणी तहान लागल्यावर घटाघटा पितं का? हे पितात.

गेल्या पौषात आमच्याच शेतावर झालं म्हणून सांगायलोय. दाजी वर्षातून दोनदा घेणारा माणूस, तेबी दोन पेग, मोजून. मेव्हण्याच्या मित्रानं पाण्याच्या वीस लिटरच्या जारमध्ये असलंच काहीतरी कालवून आणलं होतं. हुरडा खाल्ला की वरून लसणाची चटणी, तोंड पेटलेलं, दाजींनी चार ग्लास लावले. एकदाबी तोंड वाकडं झालं नाही हो. हेच तर. कडू लागलं असतं तर माणूस थांबला असता. अर्ध्या तासात म्हणाले मी ठीक आहे, गाडीला किक मारली, आन नळकांडी पुलापाशी पडले. हासळीचं हाड मोडलं. दीड महिना हात गळ्यात. बहीण अजून माझ्याशी नीट बोलत नाही, जणू काय कालवलं मीच.

रंगीत_ग्लास:
दाजींचं ऐकून वाईट वाटलं पण त्याचं खापर माझ्या रेसिपीवर का? गाडी मी चालवायला सांगितली का? आन हिशोबच करायचा तर पूर्ण कर की. स्ट्राँग बिअरची ६५० ची बाटली, आठ टक्के धर, ५२ मिली अल्कोहोल झालं. माझ्या ग्लासात साडेअडतीस. गावात पोरं दोन-दोन बाटल्या लावतात तेव्हा कुणी धागा काढत नाही, मी जरा फळंबिळं घालून नीट काहीतरी केलं की लगेच हासळी.

कोरडवाहू_गडी:
बिअरची बाटली संपायला पाऊण तास लागतो, पोट फुगतं, माणूस दोनदा उठून जातो. तुझा ज्यूस दहा मिनिटात संपतो. लिव्हर तर आपल्याच चालीनं चालतं, तासाला साधारण एक तीसचा पेग, त्याला वरून मोसंबी घाल नाहीतर गुलाबजाम, ते काय पळत नाही.
बाकी बिअरचा आकडा बरोबर आहे. दिला.

शुद्ध_देशी:
मुद्दा तो नाहीच. तीन दारू मिक्स केल्या की चढणारच. व्होडका गहू बटाट्याची, रम उसाची, जिन अजून कशाची, पोटात जाऊन आपसात भांडतात. आमचे काका सांगायचे, एक धर आन तिच्यावरच बस.

वाळूज_तिसरी_शिफ्ट:
काका भारी होते पण गहू बटाटा कुठला राव 😂 मी आठ वर्षं बॉटलिंग लाइनवर काढलीत. आपल्याकडं क्वार्टरमध्ये मिळणाऱ्या स्वस्तातल्या मालाचं मूळ बहुतेक एकच, ईएनए म्हणजे बिनचवीचं शुद्ध अल्कोहोल, साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेलं, ९६ टक्क्याचं. पाणी घालून कार्बनमधून नितळ करून भरलं की व्होडका, जुनिपरचा फ्लेव्हर गेला की जिन, रंग आन एसेन्स गेला की व्हिस्की. सख्खे भाऊ आहेत ते, पोटात कशाला भांडतील. मिक्स केल्यानं नाही चढत, तीन बाटल्या उघड्या असल्या की हात सैल सुटतो म्हणून चढते. बाहेरच्या लाँग आयलंड नावाच्या कॉकटेलमध्ये तर पाच दारू असतात, व्होडका, जिन, रम, टकीला, ट्रिपल सेक, पण प्रत्येकी १५ मिली, मापानं. एकूण ७५. म्हणजे रंगीतभाऊ, जगात बदनाम असलेल्या कॉकटेलपेक्षा तू १५ मिली पुढं आहेस, आन म्हणतोस चढत नाही.

रंगीत_ग्लास:
७५ आन ९० मध्ये काय एवढं. आन असं दारूत फळांचा रस कालवलेल्या पेयाला इंग्रजीत पंच म्हणतात, तो शब्दसुद्धा आपल्या "पाच" वरून इंग्रजांनी उचलला असं म्हणतात, १६३२ च्या ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या पत्रात येतो. हे आपलंच आहे, बाहेरचं नाही.

कोरडवाहू_गडी:
वा. इंग्रजांनी शब्द नेला, तू माप तिकडंच सोडून बाकी सगळं परत आणलंस.

लातूरची_लेक:
मी फक्त "लेडीज लोकांना पण चालतं" या ओळीवर बोलणार आहे. गोड, गुलाबी, छत्री लावलेलं म्हणजे बायकांचं, आन कडू ते मर्दाचं, हे कुणी ठरवलं? उलट त्याच मापाला बाईच्या अंगात जास्त चढते, वजन कमी आन शरीरात पाण्याचं प्रमाण कमी. म्हणजे ज्यांना हे जास्त जपून द्यायला पाहिजे त्यांनाच तुम्ही "हलकं आहे ताई, घ्या" म्हणून देताय. माझ्या मैत्रिणीला नवऱ्याच्या मित्रांनी असंच पाजलं, ज्यूस आहे वहिनी म्हणून, तिला माहीतही नव्हतं आत काय आहे. त्याला गंमत नाही म्हणत. आन माझ्या आजोळी बायकांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीला, मतदान करून गावातलं दुकान बंद केलंय, तिथं जाऊन "लेडीज ड्रिंक" म्हणून दाखवा एकदा.

रंगीत_ग्लास:
ताई ती ओळ चुकली. काढतो.

मोसंबीचा_बाप:
मी अंबडकडचा, सव्वादोन एकर मोसंबी. तुमचं भांडण चालू द्या, पण रेसिपीत एक शब्द मोसंबीबद्दल नीट नाही. ज्यूस काढून जारमध्ये भरून ठेवा म्हणतो, अरे मोसंबीचा रस तासाभरात कडू पडायला लागतो, बी आन पांढरा पापुद्रा दाबला गेला की लवकरच. म्हणून मग पोरं कडूपणा मारायला साखर वाढवतात आन तुमचा हा दाजी प्रकार होतो. आयत्या वेळी काढा, मिक्सरात फिरवू नका, हातानं पिळा. मोसंबीत आंबटपणा मुळातच कमी, त्यात पाक ३० घातला तर नुसतं गुळचट होणार, लिंबू पाहिजेच, अर्धं तरी. आन तो पाक पण दुकानातली लाल बाटली नका आणू, डाळिंबाचा रस आन साखर सारखी घेऊन मंद आचेवर विरघळवली की झालं.

आता खरं सांगू का, मला हसू येतं. आम्ही माल विकायला नेतो तर व्यापारी टनामागं क्विंटलभर सूट म्हणून असाच कापतो, आन तुम्ही ग्लासात पंधरा मिलीवरून भांडायलेत. आमचं माप कुणी मोजत नाही.

वाळूज_तिसरी_शिफ्ट:
सूट अजून चालू आहे का तिकडं? कमाल आहे.

मोसंबीचा_बाप:
चालू म्हणजे? हक्कच झालाय. आन तुम्ही वाळूजवाले तर बोलूच नका. २०१३ च्या उन्हाळ्यात मी टँकर विकत घेऊन झाडाला बादलीनं पाणी घातलं, तरी निम्मी बाग वाळली, कुऱ्हाड लावली तेव्हा बाप दोन दिवस जेवला नाही. आन जायकवाडीचं पाणी तुमच्या बिअरच्या कारखान्यांना पाइपनं.

वाळूज_तिसरी_शिफ्ट:
आला का विषय. दरवेळी बिअर कारखान्यावरच. २०१६ च्या एप्रिलमध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं दारू कारखान्यांचं पाणी आधी पन्नास मग साठ टक्के तोडायला लावलं, तेव्हा आमच्या दोन शिफ्ट बंद झाल्या, ठेक्यावरची पोरं गावी गेली, त्यांच्याबद्दल कुणी लिवलं? आन ते वाचलेलं पाणी तुमच्या बागेत आलं का? नाही आलं. ऊसवाल्यांना विचारा की. ज्या मळीची दारू होते तो ऊस कुणाच्या पाण्यावर उभा राहतो?

लातूरची_लेक:
२०१६ ला आमच्या घरी आठ दिवसातून एकदा पाणी यायचं. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर, बघायला गर्दी जमली होती जणू काही लग्नाची वरात. तेव्हा शिफ्ट बंद पडली म्हणून रडणं मला नाही पटत. माणसं घागरी घेऊन बसली होती.

वाळूज_तिसरी_शिफ्ट:
ताई रडत नाही, माझंही घर त्याच पगारावर चालतं. तुमच्या घागरीबद्दल मी काही वाकडं बोललो का?

लातूरची_लेक:
नाही बोललात. पण आधी आमच्यावरच आवाज चढवला.

शुद्ध_देशी:
ऊस बंद करा म्हणणारे स्वतः चहात दोन चमचे साखर घालतात. माझा पाच एकर ऊस आहे, भाव मिळणारं दुसरं पीक सांगा, उद्या मोडतो. मोसंबी लावू का? सूट द्यायला?

मोसंबीचा_बाप:
नको लावू. खरंच नको.

कोरडवाहू_गडी:
अरे मी दारूच्या मापावर धागा काढला होता, तुम्ही जायकवाडी रिकामं केलं.

शुद्ध_देशी:
मापाचंच चाललंय की. कुणाला किती पाणी. तू धाग्याचं नाव बदल.

साधा_माणूस_परभणी:
मधेच बोलतो. एवढे ज्ञानी लोक आहात, दारू प्यायचं परमिट कुणाकडं आहे? पाच रुपयात एका दिवसाचं मिळतं, हजारात आयुष्यभराचं, आन व्होडका-रमसारखी कडक दारू प्यायला महाराष्ट्रात वय २५ लागतं. हुरडा पार्टीला जी पोरं येतात त्यातली निम्मी बावीस-तेवीसची. जारवर वय लिहिलेलं नसतं. बिअरसारखी बाटली असती तर थोरल्यानं हातातून काढून तरी घेतली असती, ज्यूसच्या ग्लासाला कोण हटकणार? आमच्या पुतण्याला असंच कळलं नाही, रात्रभर ओकत बसला, नशीब कुशीवर झोपवला होता.

कोरडवाहू_गडी:
हे माझ्या ध्यानात नव्हतं आलं. जारच मुख्य गुन्हेगार आहे. ग्लासात एकेक बनवलं तर निदान बनवणाऱ्याला माहीत असतं कुणाला कितवा.

रंगीत_ग्लास:
बरं बाबांनो, ऐका. २०२५ च्या जूनमध्ये दारूवरची एक्साइज वाढली तेव्हापासून तीन बाटल्या घेणं माझ्याही खिशाला झेपत नाही, त्यामुळं तशीही रम काढतोय. वर रेसिपी बदलली. व्होडका २०, जिन २०, मोसंबी आयत्या वेळी हातानं पिळलेली, अर्धं लिंबू, पाक १५, बर्फ भरपूर, स्टीलच्या डब्यात घालून हात गार पडेपर्यंत हलवा. जार काढला. लेडीज काढलं. "चढत नाही" मात्र ठेवलंय, कारण मला खरंच नाही चढत.

कोरडवाहू_गडी:
दाजी पण हेच म्हणाले होते. किक मारायच्या आधी.

रंगीत_ग्लास:
काढतो बाबा तेबी.

मोसंबीचा_बाप:
लिंबू घातलं हे बरं केलं. बी दाबू नको.