मदत हवी आहे: मॅक्रो ट्यूब लावली की फोटो काळा येतो, उद्यापर्यंत उत्तर हवंय

चोपड्याचा_गडी
मंडळी, लवकर सांगा. फुलपाखरांच्या क्लोजअपसाठी साडेतीनशेच्या एक्स्टेन्शन ट्यूब मागवल्या, कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायच्या पोकळ नळ्या. लावल्या की आत अंधार. भर दुपारी बाराला परसात उभं राहून काढला तरी फोटो काळाकुट्ट. फोकसची रिंग फिरवून मनगट दुखलं, ढिम्म फरक नाही. दुकानदार माल परत घेत नाही. बजेट दीड हजार होतं, त्यातले हे गेले. लाखाची लेन्स घे म्हणणाऱ्यांनी कृपया धागा सोडावा.

तापीकाठ
कॅमेरा कोणता शे ते त सांग ना भो.

मोबाइलच_बरा
कॅमेरा हवाच कशाला? मोबाइलला चिमट्याचं भिंग लावा, दोनशेत काम. मी त्यानेच मुंग्या काढतो.

सातपुडा_भटक्या
मुंग्या काढा. त्या भिंगाला दोन बोटांवर जावं लागतं. फुलपाखरू काय तुमची वाट बघत बसणार आहे?

उजेडराव
उजेड कमी पडतोय, सरळ आहे. फ्लॅश घ्या, पुढे बटर पेपर चिकटवा. सावल्या मऊ पडतात. माझा जुना फ्लॅश आहे, भुसावळला येऊन घेऊन जा.

तापीकाठ
दुपारी बाराचं ऊन, तेही खान्देशातलं. अजून किती उजेड पाहिजे?

कॅननप्रेमी
गंमत आहे. माझ्याकडे अशाच विजेची जोडणी नसलेल्या ट्यूब आहेत, उजेड भरपूर येतो. उलट अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड सोडणारं पात्यांचं भोक, पूर्ण उघडं राहतं, त्यामुळे एक डोळा फोकसमध्ये आणि मिशा गायब.

तापीकाठ
म्हणून तर कॅमेरा विचारतोय! कॅननला उघडं राहतं, निकॉनला मिटतं. गडी गेला कुठे?

चोपड्याचा_गडी
शेतात होतो. निकॉन डी३४००. लेन्स सोबत आलेली १८-५५. स्क्रीनवर 'लेन्स जोडलेली नाही' असंही येतं. ट्यूबा खराब आहेत का?

तापीकाठ
ट्यूबा ठीक आहेत, जोडी चुकली. तुमच्या लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग नाही. मागे एक छोटी दांडी असते, ती कॅमेरा ढकलतो तेव्हा पात्या उघडतात. मधे नुसती पोकळ नळी आली की दांडी सुटते आणि पात्या पार मिटतात, म्हणून अंधार. शिवाय डी३४००सोबत एएफ-पी लेन्स येते, तिची फोकस रिंग विजेवर चालते. ट्यूबमधून वीज जात नाही, म्हणून रिंग कितीही फिरवा. 'लेन्स नाही' त्यामुळेच येतं, मॅन्युअल मोडवरच शटर दबेल.

कॅननप्रेमी
म्हणून मी सांगत असतो, कॅनन घ्या.

जुगाडू_जळगाव
दांडीत कागदाची घडी अडकवा, पात्या उघड्या राहतात. मी केलंय.

तापीकाठ
तुमची रिंग हाताने चालणारी असेल. त्याची नाही. पात्या उघडतील, फोकस कोण करणार? आणि दांडी नाजूक असते, मोडली तर लेन्स गेली. त्यापेक्षा जुनी ५०एमएम डी टाईप लेन्स शोधा, तिला स्वतःची अ‍ॅपर्चरची रिंग असते.

बर्फाळ
फुलपाखरू डबीत घालून दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. हलतच नाही.

एरंडीचं_पान
काहीही! पंखांची पूड निघते, मिशा मोडतात. आणि फोटोत ते फ्रिजमधलंच दिसतं, बसण्याची ढब वेगळी असते. पहाटे जा की. अंगात ऊन मुरल्याशिवाय त्यांना उडताच येत नाही. गडी, पण तुम्हाला 'उद्यापर्यंत'ची घाई कसली?

चोपड्याचा_गडी
सांगायचं राहिलं. परसातल्या लिंबाच्या फांदीवर कोष आहे. आठवडाभर हिरवा होता, आज काळपट पडलाय. मेला असं बायको म्हणते. मेला नसेल तर निघताना काढायचं होतं.

एरंडीचं_पान
हे आधी सांगायचं! टॉर्च लावून बघा, आतून पंखांचे पिवळट ठिपके दिसतायत का? दिसत असतील तर उद्या सकाळी निघेल. माझ्याकडे कढीपत्त्याच्या कुंडीत कॉमन मॉर्मन फुलपाखरं निघतात, बहुतेक सकाळीच. निघाल्यावर पंख सुरकुतलेले असतात, ते ताठ होऊन सुकेपर्यंत तासभर तरी हलत नाही. हात लावू नका.

चोपड्याचा_गडी
ठिपके दिसतायत! आता लेन्सचं काय? ५०एमएम उद्यापर्यंत कुठून आणू?

तापीकाठ
डी३४०० डबल किटमध्ये घेतला होता का? सोबत ७०-३०० आली होती का?

चोपड्याचा_गडी
हो, ती लांबची आहे ना. कपाटात आहे, चुलतभावाच्या लग्नानंतर काढली नाही.

तापीकाठ
अरे देवा. तीच काढा. ३००वर लावून १.१ मीटरपर्यंत जवळ जाता येतं आणि तेव्हा फ्रेममध्ये साधारण १०-११ सेंटीमीटर रुंदी मावते. लिंबावरचं फुलपाखरू पंख पसरून ८ ते १० सेंटीमीटर. भरलं की नाही? गवतातल्या नखाएवढ्या निळ्या फुलपाखरांसाठी लेन्सच्या पुढे ५८एमएमचं +३ क्लोजअप फिल्टर, म्हणजे एक भिंगच, लावा, काही शेंत मिळतं. त्याला वीजही नको, दांडीही नको.

सातपुडा_भटक्या
पाऊस उघडला की चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला या. ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर फुलपाखरं क्षार चोखत बसलेली दिसतात, तिथे अंगावरचा शर्ट चिखलात जातो तो जातोच. ब्लू मॉर्मन दिसलं तर सांगा, राज्य फुलपाखरू आहे आपलं, २०१५ पासून.

भरीतप्रेमी
पाटणादेवीला कधी? भरिताची वांगी मी आणतो.

चोपड्याचा_गडी
सात वाजता निघालं. ओल्या चिंधीसारखं लोंबकळत होतं, मग पंखांच्या टोकापर्यंत पाणी चढल्यासारखं ताठ होत गेलं. पण पहिले वीस फोटो धूसर!

तापीकाठ
किती लांब होतात?

चोपड्याचा_गडी
हातभर.

तापीकाठ
१.१ मीटर म्हणजे अडीच हात, गडी. मागे सरका.

चोपड्याचा_गडी
सरकलो. मागे तुळशी वृंदावन होतं, डोकं आपटलं. पण मिशांची टोकंसुद्धा आली. बायको म्हणते, लांबच्या लेन्सने जवळचं काढतात हे आधी कळलं असतं तर साडेतीनशे वाचले असते. ट्यूबा कुणाला पाहिजेत?

कॅननप्रेमी
निकॉनच्या मला काय कामाच्या!

नवीन_सदस्य
नमस्कार. माझ्या लिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आहेत, पानं खातात. काय फवारू?