माजघराच्या कोब्यातून पाणी वर येतंय, काय करावं?

पुणेरी_राजापूरकर
राजापूर तालुक्यातलं गावचं घर. उतारावर आहे. मागे ८ फुटांची उभी दरड, दरड आणि मागच्या भिंतीत जेमतेम ४ फूट जागा. जोतं चिऱ्याचं, मातीत बांधलेलं, जमीन कोब्याची. पावसाने दोन-तीन दिवस जोर धरला की माजघरात कोब्याच्या भेगांतून पाणी उमळतं, पाऊस उघडला तरी दोन दिवस थांबत नाही. छप्पर कौलारू, गळत नाही. बजेट २५ हजार, फार तर ३०. गणपतीला तीन आठवडे. आतून वॉटरप्रूफिंग करू, पंप बसवू, की आणखी काही?

ठेकेदार५२
पंप. अर्धा एचपी सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायचा), फ्लोटवाला, म्हणजे पाणी चढलं की आपोआप चालू होणारा. माजघराच्या कोपऱ्यात २ फूट व्यासाचा, ३ फूट खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेलं ड्रम, भोवती २० एमएम खडी. पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर पाइपातलं पाणी पुन्हा खड्ड्यात येतं आणि मोटर दर दोन मिनिटांनी चालू-बंद होत राहते.

पऱ्या
ऐन पावसात लाइट जाते तेव्हाच पंप लागतो. इन्व्हर्टर धरलात का? अर्धा एचपी म्हणजे साधारण ३७५ वॅट, पण सुरू होताना करंट पाच-सहा पट ओढते. घरातला पंखे-दिव्यांचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. आणि मातीत बांधलेल्या जोत्याखालून रोज पाणी उपसलंत तर पाण्याबरोबर माती निघते. उपसलेलं पाणी बादलीत धरून ठेवा, तळाला गाळ बसला तर पंप बंद करा. जोतं खचेल.

ठेकेदार५२
खडीभोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळलं की माती येत नाही.

मुळशीकर
बजेट विसरा. कोबा फोडा, खालची भरणी उपसा. जुन्या घरांत मातीचीच भरणी असते, ती पाणी वर ओढते. ६ इंच ४० एमएम खडी, त्यावर १००० गेजचा प्लास्टिक कागद (सांधा फूटभर एकावर एक), ४ इंच काँक्रीट, मग कोबा किंवा फरशी. एकदाच करा, नीट करा. लाख-दीड लाखात होईल.

चिरेबंदी
नुसत्या कागदाने ओल अडते, दाबाचं पाणी नाही. दरडीकडून येणारं पाणी कागदाखाली साचेल आणि भिंतीच्या कडेने वर येईल. खडीच्या थराला बाहेर जायला वाट ठेवलीत तरच त्या लाख-दीड लाखाचा उपयोग.

मूळ प्रश्नाला: आधी पाणी कुठलं ते ठरवा. जांभ्यातून पाणी सहज मुरतं, खाली चिकणमातीचा थर लागला की त्यावरून आडवं सरकतं. तुमची दरड तोच थर कापून उभी आहे. पाऊस उघडल्यावरही दोन दिवस येतं याचा अर्थ तोच. तरी दोन गोष्टी तपासा. टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा, पाणी कमी झालं तर पाइप फुटलाय. संडासात खायचा लाल रंग भरपूर ओता, माजघरात लाली दिसली तर सेप्टिक टाकी.

आंबोलीचा_पाऊस
सेप्टिकवरून आठवलं, पावसाळ्यात टाकी रिकामी करू नका. बाहेर पाणी भरलेलं असताना रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते, पाइप तुटतात.

पन्हळ
सगळे जमिनीखाली बघताहेत. मागची पागोळी कुठे पडते? त्याच ४ फुटांत ना? मागचं छप्पर ४० × १५ फूट धरा, म्हणजे ५६ चौरस मीटर. एका दिवसात २०० मिमी पडला तर ११ हजार लिटर पाणी थेट जोत्याशी. ६ इंची पीव्हीसी पन्हळ, दर २ फुटांवर कंस, मधून दोन्हीकडे ४० फुटांना अडीच इंच या प्रमाणात उतार, दोन्ही टोकांना ४ इंची पाइप, आणि पाणी घराच्या खालच्या अंगाला नेऊन सोडा. दोन दिवसांचं काम, बजेटात बसेल.

मुळशीकर
पन्हळीत आंब्याची पानं अडकतात. पंधरा दिवसांनी कोण चढणार?

पन्हळ
जाळी मिळते. आणि पाणी शेजाऱ्याच्या कंपाउंडात सोडू नका.

पऱ्या
पन्हळ हवीच. पण खरा उपाय म्हणजे मागच्या त्या ४ फुटांत चर. दीड फूट रुंद, कोब्याच्या पातळीपेक्षा दीड फूट खाली, तळाला १:१०० उतार. जिओटेक्स्टाइल अंथरून ४ इंची भोकांचा पाइप, भोकं खालच्या बाजूला, वर २० एमएम खडी, कापड दुमडून बंद. क्रशरची चुरी घालू नका, पाइप बुजतो. चर दरडीच्या बाजूला घ्या.

चिरेबंदी
दरडीच्या पायथ्याशी आता खणलं तर दरड भिंतीवर येईल. भिंतीलगत खणलं तर जोत्याचा पाया उघडा पडेल. म्हणून दिवाळीनंतर, एका वेळी ६-८ फूट, आणि पायाच्या तळाखाली अजिबात जायचं नाही. आत्ता फक्त दरडीच्या माथ्यावर, कडेपासून १० फूट मागे, उथळ चर मारा. वरून वाहत येणारं पाणी बाजूने वळवा. मजुराचे दोन दिवस.

ठेकेदार५२
आतून कोटिंगबद्दल कोणी बोललं नाही. क्रिस्टलाइन मारा, म्हणजे छिद्रांत स्फटिक धरून पाणी अडवणारं सिमेंटचं कोटिंग.

चिरेबंदी
एक भेग बुजवाल, दुसऱ्या भेगेतून येईल. शिवाय ओल्या कोब्यावर तेलकटपणा, चुना राहिला की पापुद्रे निघतात.

पुणेरी_राजापूरकर
सगळ्यांचे आभार. लाल रंग टाकून पाहिला, सेप्टिक नाही. व्हॉल्व्ह बंद ठेवूनही पाणी तेवढंच. पंप, चर, कोटिंग सध्या काहीच नाही. बाबा म्हणतात माजघर रिकामं करून फळ्यांचा माचा टाकू, पाणी खालून जाऊ दे; गणपती ओटीवर बसतील. पन्हळीचं माप मात्र घेतलंय, मे महिन्यात लावू.

पन्हळ
पन्हळ मे महिन्यात म्हणजे हा पावसाळा पागोळी जोत्यातच.

चिरेबंदी
माचा करताय तर प्लायवूड वापरू नका, आठवड्यात फुगेल. खाली चिऱ्याचे तुकडे ठेवून ४ इंच मोकळं ठेवा, भिंतीपासून २ इंच सोडा, फळ्यांमध्ये बोटभर फट. खालून वायर नको, आणि माजघराच्या प्लगवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते आधी बघा.

नवखा_०७
धागा पूर्ण वाचला नाही, पण पंप बसवलात का?