‘कंदिसा’पर्यंतचं इंडियन ओशन फक्त आठवणींमुळे मोठं वाटतं?

जुनी_कॅसेट
परवा इथं कुणी लिहिलं, की इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचे पहिले तीन अल्बम चाळिशीपुढच्या लोकांना कॉलेजच्या आठवणींमुळेच मोठे वाटतात. गाणं सुरू व्हायलाच दोन मिनिटं लागतात, शब्द मूठभर, आणि नंतरचा बँड जास्त तयारीचा. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

२००० साली मी सोलापूरच्या पूर्वभागात यंत्रमागावर रात्रपाळी करायचो. ‘कंदिसा’ या तिसऱ्या अल्बमची कॅसेट मागाशेजारच्या टेपवर लावायचो. त्या खडखडाटात शब्द कुणाला कळणार? तरी राहुल रामची बेस गिटार आणि असीम चक्रवर्तीचा तबला पोचायचा. शब्द न कळता जे गाणं पहाटेपर्यंत जागं ठेवतं, त्याला शब्द कमी पडले असं कसं म्हणता? मुळात ‘कंदिसा’ हे गाणं म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची प्रार्थना. आपल्यातल्या किती जणांना ती भाषा येते?

नंतर मागच्या अल्बमांकडे गेलो. दुसरा अल्बम ‘डेझर्ट रेन’ स्टुडिओतला नाहीच. १ जानेवारी १९९७ ला दिल्लीत ‘सहमत’ या कलावंतांच्या संस्थेनं रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मृतीसाठी केलेल्या कार्यक्रमात थेट वाजवलेलं आहे ते. सुष्मित सेनची गिटार सावकाश उलगडते, कारण तो आलाप आहे. भीमसेनजींच्या मैफलीत कुणी घड्याळ बघत बसतं का?

विजापूर_वेस
ते मीच लिहिलं होतं, मालक. अजूनही तेच म्हणतो. १९९३ चा एचएमव्हीवाला पहिला अल्बम आज सलग ऐकून दाखवा. ड्रमर अमित किलम १९९४ ला आला, त्याच्या आधीचा बँड चाचपडतच होता. ‘कंदिसा’नंतरच्या ‘झिनी’ अल्बममध्ये कबीर आला, मग ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमाचं ‘बंदे’. पीयूष मिश्रांचे शब्द मिळाले तेव्हा या बँडला धार आली. आणि ‘कंदिसा’तलं ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठच्या लोकांचं गाणं. ते शहरात आणून वाजवलं, तर त्यात यांचं असं काय?

भीमाकाठ
या शेवटच्या वाक्याला उत्तर देतो. आमचं गाव करमाळा तालुक्यात होतं. आता उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. ‘मा रेवा’ आजीला मोबाइलवर ऐकवलं. निर्मळ, वाहत्या पाण्याचं ते गाणं तिनं गप ऐकलं आणि विचारलं, “ह्यांची नदी अजून व्हाती हाय व्हय?” मला पुढं बोलता येईना.

राग बँडचा नाही, आपल्या लोकांचा येतो. नर्मदेच्या गाण्याला यांचा गळा दाटतो, पण उजनीत गेलेल्या एका तरी गावाचं नाव येतं का? उन्हाळ्यात पाणी उतरून पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं की फोटो काढायला बरोबर जमतात.

साखर_पेठ
दादा, दुःख खरं आहे, पण बोट आमच्याकडं का? आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांनी नळ येतो, तोही कधी पहाटे तीनला. लग्न होऊन आले तेव्हापासून बॅरल, घागरी, कळश्या मोजतेय. उजनी नसती तर एवढं सोलापूर शहर हिप्परग्याच्या तळ्यावर जगलं असतं का? धरणातून भीमेत सोडलेलं पाणी, जिथून शहराला उचलतात त्या टाकळीला पोचेपर्यंत किती मुरतं ते विचारा. ऊस कुणाच्या रानात आहे तेही विचारा.

भीमाकाठ
झालं, आला ऊस! ज्यांची रानं गेली त्यांनाच विचारा उसाचं. १९८० ला धरण पुरं झालं, आमचे आजोबा मरेपर्यंत दुसऱ्याच्या रानात राबले. तुम्ही पाणी पिऊ नका असं कोण म्हणलं?

साखर_पेठ
मग बोलायचं नीट. नळाची वाट बघत झोप मोडणाऱ्या बाईला उसाच्या बागायतदारांत बसवू नका.

भीमाकाठ
उसाचा विषय तुम्ही काढला, ताई. तरी आवाज चढला माझा. तेवढं मान्य.

जुनी_कॅसेट
दोघांचं वाचून मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मला वाटतं. राहुल राम अमेरिकेत पीएचडी करून आला आणि नर्मदा आंदोलनात खोऱ्यात राहिला. ‘मा रेवा’ तिथून आलं. नुसती चाल उचलली असती, तर करमाळ्याच्या आजीपर्यंत पोचली असती का? ‘कंदिसा’तलंच ‘हिल्ले ले’ही कवी गोरख पांडेंच्या कवितेतून आलं. शब्द कमी असतील, पण ते कुठून घ्यायचे हे या लोकांना तेव्हाच कळलं होतं. ‘बंदे’ची धार तिथली आहे. पहिला अल्बम कच्चा आहे, हे मानतो. त्यापुढं एक पाऊल मागं येणार नाही.

विजापूर_वेस
काल रात्री ‘डेझर्ट रेन’ हेडफोन लावून पुन्हा ऐकला. तबला वाजवत त्याच दमात गाणारा असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेला, आणि त्याच्या जागी गायला एक आणि तबल्याला दुसरा असे दोघे लागले. ही गोष्ट मी लिहिताना धरली नव्हती. ‘डेझर्ट रेन’ आणि ‘कंदिसा’ तुमचे. १९९३ वाला मात्र तुम्हालाच लखलाभ, आणि ‘झिनी’ला हात लावू देणार नाही.

साखर_पेठ
नळ आलाय, जाते. भीमाकाठ दादा, आजीनं ऐकलेलं गाणं इथं टाकून ठेवा. बॅरल भरेपर्यंत ऐकते.